तळ्याच्या मधात एक दांडी

"ओ बाई! जाळं हाय ते, पायपुसणं नाई!"

हात आभाळात, डोळे मोबाइलवर, अशी मी तळ्याच्या पाळीवर उलटी चालत होते, आणि दोन्ही पाय कुणाच्या तरी वाळत घातलेल्या जाळ्यात! जाळंवाला खाली बसला आणि माझं पैंजण सोडवू लागला… मासा सोडवावा तसं, अगदी सावकाश. हा ढिवर मोहल्ल्यातला प्रणित.

"नवा फोन?"

"नवाच! म्हणून तर डोकं फिरलं. आईच्या जुन्या डबड्याले चुलीपाशी रेंज येते, अन् याले अख्ख्या गावात नाई!"

फोन आणला त्या दिवशी आईनं तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावलं, कव्हर घातलं आणि माझ्या हातात दिला. तेव्हापासून शून्य. ग्रामपंचायतीचं वायफाय तर दारात उभं राहिलं तरी नुसतं गोल गोल फिरायचं. मी कव्हराच्या खाचेतूनच सिम काढलं, फुंकर मारली, शिव्या दिल्या. ढिम्म!

"तळ्याच्या मधात एक दांडी येते," प्रणित म्हणाला. "डोंग्यात बस."

बसले. खरंच आली! मग रोज सकाळी तेच. तो जाळं टाकायचा, मी फोन उंच धरायची.

"हात खाली घे, बगळे येऊन बसतीन."

"तू वल्हव!"

"वल्हवूनच राह्यलो. तूच म्हणते इथी थांब, तिथी थांब."

दांडी गेली की मी चिडायची, आणि मी चिडले की तो हसायचा. त्या हसण्याचा तर मला फारच राग यायचा… म्हणजे, यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी डोंगा कलला. मी भिजले, फोनही भिजला. मी ओढणी पिळत असताना त्यानं कव्हर काढून फोन गमछ्यानं पुसून दिला. त्यानंतर तो जरा गप्पगप्पच असायचा. मला वाटलं, मासे लागत नसतील.

मग कोरपन्याचं स्थळ आलं. प्रफुल, सिमेंट फॅक्टरीत नोकरीला. रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल, आणि मी हो म्हटलं की बापूजी त्याच दिवशी सुपारी फोडणार.

रविवारी डोंगा मधोमध आला. प्रणितनं वल्हं आडवं ठेवलं.

"एका दांडीवर तोंड तरी दिसन का त्याचं?" मी वैतागले.

"फोन दे."

त्यानं कव्हर उचकटलं. आतून निघाला तांब्याचा पत्रा! आमच्या पाणी भरायच्या फुटक्या गुंडाचा, फोनच्या मापाचा, आणि वर आईच्या हातचा काजळाचा ठिपका. नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून! पत्रा निघाला आणि दांड्या… दोन, तीन, चार!

"तुले कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"अन् सतरा दिवस मले उन्हात हात वर करून बसवलं? काऊन?"

"पत्रा काढला असता तर… आली असती का डोंग्यात?"

"मंग आज काऊन काढला?"

तो वल्ह्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला. "आजचा फोन तुह्या जिंदगीचा हाय. तो अडवाचा हक नाई मले."

आणि फोन वाजला. मेला, पहिल्यांदाच खणखणीत!

प्रफुल दिसला. तेल लावून भांग पाडलेला, बिचारा.

"नमस्कार, रीताजी. आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला. नमस्कार, प्रफुलभाऊ."

तिकडे शांतता. नेटवर्क उत्तम होतं हो, त्याचा दोष नव्हता.

"माफ करा, भाऊ. माह्या मनात दुसरं माणूस हाय. घरी मीच सांगीन."

फोन ठेवला. मग ठिपका पुसू न देता पत्रा उचलला आणि पुन्हा कव्हरात सरकवला. दांड्या गेल्या.

"हे काऊन?" प्रणितनं विचारलं.

"नजर लागते."

तो हसला, पण लगेच गावाकडे पाहून गंभीर झाला. "बापूजी ढिवराले जावई म्हणतीन का? काठी घेतीन!"

"घेऊ दे. वल्हव."

"कुठी?"

"घरी. त्यायच्या तोंडावर सांगाले… पण सावकाश वल्हव."