नऊ फ्रेम्सची भिंत

त्या दिवशी मी फक्त फ्रेम्स आणायला बाहेर पडले होते. रविवारची सकाळ होती, ऊन मऊ होतं, पिशवीत मोजपट्टी होती. तुम्हाला हसू येईल, पण कितीतरी महिन्यांत स्वतःसाठी काही आणायला मी पहिल्यांदाच पायात चप्पल घातली होती.

आई गेल्यावर भावाने जुनं घर विकलं आणि मी या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले. खाली मालकीणबाई राहतात. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. एकोणीस वर्षं झाली. दिवसभर माणसं समोर उभी असतात, पण बोलणं काय, तर श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. घरी आल्यावर तेवढंही नाही.

धाकटी बहीण एकदा भेटायला आली. बाहेरच्या खोलीत बसली, चहा घेतला, आणि समोरच्या लांबरुंद पांढऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, दवाखान्यातून येतेस आणि परत दवाखान्यातच बसतेस गं. काहीतरी लाव की त्या भिंतीवर."

"चित्रं काय फुकट मिळतात?"

"फुकटच समज. जुन्या फ्रेम्स घे, सगळ्यांना एकच रंग दे. आत काहीही घाल. जुनं कॅलेंडर, पुस्तकातली पानं, माझ्या पोरीची चित्रं. आणि खिळे मारायच्या आधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे भिंतीवर चिकटवून बघ. नाहीतर चाळणी करून ठेवशील भिंतीची."

म्हणून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले होते. मोडक्या खुर्च्या आणि बंद घड्याळांच्या मागे सुतळीने बांधलेल्या नऊ फ्रेम्स होत्या, लहानमोठ्या, काचेसकट. मी म्हटलं, यातल्या पाच द्या. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "सुट्या नाही देणार बाई. एका घरातून आल्यात, एकत्रच जाऊ देत." भाव इतका कमी सांगितला की घासाघीस करायलाही लाज वाटली.

आठवडाभर मी खुश होते, खरंच. खिडकीशी बसून फ्रेम्स घासल्या, काळा रंग दिला. आत काय घालायचं ते शोधताना ट्रंक उपसली. कॅलेंडरवरचा खंड्या पक्षी, फाटक्या नकाशाच्या पुस्तकातला एक समुद्र, भाचीने काढलेला पाच पायांचा घोडा, पुस्तकात जपून ठेवलेलं पिंपळाचं पान, असं आठ फ्रेम्सपुरतं काहीबाही. आणि आईची चिठ्ठी. शेवटचं वर्षभर आईचा आवाज गेला होता, घशाचा आजार. जे सांगायचं ते ती कागदाच्या कपट्यांवर लिहायची. बाकीचे कपटे कुठे गेले देव जाणे, एकच उरला होता. 'दूध तापवून ठेवलंय. जेवल्याशिवाय झोपू नकोस.' मी तो एका पांढऱ्या जाड कागदावर मधोमध चिकटवला आणि वरच्या ओळीतल्या मधल्या फ्रेममध्ये घातला.

वर्तमानपत्राचे तुकडे भिंतीवर लावायला दोन संध्याकाळी गेल्या. हा इकडे, तो तिकडे, मागे सरकून बघायचं, पुन्हा काढायचा. शेवटी एक मांडणी डोळ्यांना पटली. खिळे मारायला घेतले.

पहिला खिळा हातोडीच्या एका ठोक्यात आत गेला. लोण्यात जावा तसा. मी कागद बाजूला करून पाहिलं, तर रंगाच्या खाली जुनं भोक होतं. म्हटलं, चला, योगायोग. दुसराही तसाच गेला, आणि तिसराही. सातव्या खिळ्याला माझा हात थांबला. मुद्दाम मी तो चार बोटं डावीकडे मारून पाहिला. भिंत दगडासारखी होती, खिळा वाकला, माझ्या अंगठ्याला लागलं. नवा घेऊन माझ्या खुणेवर धरला... आणि तो नुसत्या अंगठ्याच्या दाबाने आत गेला.

ती मांडणी माझी होती हो. दोन संध्याकाळी घालवून मी ठरवलेली.

पण फ्रेम्स लागल्या आणि भिंत इतकी छान दिसली की मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. कामावरून आले की खुर्ची भिंतीसमोर ओढून बसायचे. आधी नुसतं बघायचे, मग बोलायला लागले. आज एका पेशंटने काय केलं, लिफ्ट पुन्हा कशी बंद पडली, असलं काहीबाही. माणूस एकटा असला की कशाशी बोलेल सांगता येत नाही. मी भिंतीशी बोलत होते आणि मला बरं वाटत होतं. कधीकधी संध्याकाळी खोलीत पेन्सिल तासल्याचा वास यायचा. लाकडाचा, ताज्या भुशाचा. माझ्या घरात पेन्सिल नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात खंड्या फिका पडला. निळा रंग आधी राखाडी झाला, मग गेलाच. ऊन लागलं असेल म्हणावं, तर त्या भिंतीवर ऊन येतच नाही. मग समुद्र गेला. घोड्याचे पाचही पाय एकेक करून गेले. पान होतं तिथे पानाचा डागही उरला नाही. मी फ्रेम्स उघडून पाहिल्या, आठही कागद कोरेकरकरीत. आईची चिठ्ठी मात्र तशीच होती. रोज घरात पाऊल टाकलं की आधी ती वाचायचे.

एका शनिवारी ती अर्धी झाली. 'दूध तापवून' एवढंच राहिलं होतं. मी फ्रेम उतरवून उशाखाली घेऊन झोपले. सकाळी त्या जाड कागदावर कपट्याची कडसुद्धा दिसत नव्हती.

मी रडले. आई गेली तेव्हा इतकी रडले नव्हते.

मग राग आला. नऊच्या नऊ कागद बाहेर काढले, फाडायला म्हणून. पण एकोणीस वर्षांची सवय, हातात काही आलं की आधी उजेडाकडे धरायचं. दुपारचं ऊन खिडकीवर आलं होतं. मी आईचा कागद उजेडात धरला. आत काहीतरी होतं. अगदी पुसट, धुरासारखं. दुसरा धरला, त्यातही.

मी चिकटपट्टी आणली आणि भिंतीवर होते त्याच क्रमाने, तेवढीच अंतरं ठेवून, सगळे कागद खिडकीच्या काचांवर लावले. मग चार पावलं मागे गेले.

खिडकीत एक बाई बसली होती.

बाई म्हणजे तिची हाडं. तुम्हाला त्यात रेघा दिसल्या असत्या, मला माणूस दिसतो. वर मधोमध, आईच्या कागदावर, कवटी बाजूने, तोंड डावीकडे. पाठीचा कणा वाकलेला. मधल्या मोठ्या कागदावर बरगड्या, खाली मांडी आणि गुडघे. मापाने माझ्याएवढीच. वय सत्तरीच्या पुढचं, हाडं पोकळ झालेली. डावं मनगट कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं. दोन्ही हात मांडीवर. आपण वाट बघत बसतो ना, तशी बसली होती.

माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं. "माझ्या आईचं अक्षर खाल्लंस?"

खिडकीतून नुसता पेन्सिलचा वास आला.

मी तशीच खाली गेले. मालकीणबाई भाजी निवडत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय गं, बरं नाही का?"

"माझ्या आधी वर कोण राहायचं?"

त्यांचे हात थांबले. "चित्रकलेच्या बाई होत्या एक. शाळेत शिकवायच्या. का गं?"

"डावा हात..."

"हो, वाकडा होता. शाळेच्या जिन्यावरून पडल्या होत्या कधीतरी. तुला कुणी सांगितलं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्या स्वतःहूनच सांगू लागल्या. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शेवटच्या वर्गातल्या मुलांनी शब्द दिला होता, आम्ही प्रत्येकजण तुम्हाला एकेक चित्र पाठवू. नऊ मुलं होती. बाईंनी नऊ फ्रेम्स आणल्या, भिंतीवर लावल्या, आणि रिकाम्याच ठेवल्या. रोज पोस्टमनला विचारायच्या. वर्षं गेली. मालकीणबाई म्हणायच्या, अहो, काहीतरी घाला त्यात. तर बाई म्हणायच्या, 'येतील ना. मुलं आहेत, विसरतात.'

"एकही आलं नाही?"

"एकही नाही." मालकीणबाईंनी भाजीची जुडी उगाच उलटीसुलटी केली. "मी माहेरी गेले होते तेव्हा... परत आले तर वरून वास. भिंतीसमोर खुर्चीत बसलेल्या होत्या. अकरा दिवस झाले होते म्हणे. फ्रेम्स मीच भंगारात दिल्या. त्या काचांमध्ये बघवेना मला."

मी वर आले. राग कुठे गेला कळलंच नाही. खिडकीत ती तशीच बसली होती, उन्हामुळे आता जरा तांबूस. मला माझं घर सोडून जायला हवं होतं, हे मला आज कळतं. बहिणीकडे जागा होती. पण त्या वेळी मनात आलं ते वेगळंच. अकरा दिवस कुणी दार वाजवलं नाही. मी गेले तर माझं दार किती दिवसांनी वाजेल? दवाखान्यातून दोन दिवसांनी फोन येईल, वाजून बंद होईल. बहीण रविवारी करते. म्हणजे सहा. फार तर सात.

मी एकेक कागद काढला, फ्रेम्समध्ये घातला आणि भिंतीवर परत लावला. म्हटलं, राहू दे. दोघी आहोत.

त्यानंतरचे दिवस वाईट नव्हते. मी बोलायचे, ती ऐकायची, असं मी धरून चालले होते. फक्त एक शंका पोखरत होती. मला वेड लागलंय का? ते एकदा कुणाकडून तरी कळायला हवं होतं. म्हणून एका सकाळी वरचा मधला कागद, आईचा, घडी न घालता फाइलमध्ये घेतला आणि कामावर नेला.

आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, दिवसाला शे-दीडशे फोटो वाचतात, निम्मे झोपेत. त्यांच्या फोटोंच्या गठ्ठ्यात मी तो कागद मधेच सरकवला आणि कोपऱ्यात उभी राहिले. तो हातात आला तसे ते म्हणाले, "कागदावर का छापलाय? फिल्म संपल्या का?"

"हो... तात्पुरतं."

त्यांनी तो मागून उजेड येणाऱ्या काचेवर लावला. मला तिथून नीट दिसत नव्हतं. ते चष्मा वर करून जवळ गेले आणि चिडले. "अगं, एकोणीस वर्षं काम करतेस आणि असला फोटो?"

"काय झालं?"

"पेशंटला सांगत नाहीस का, बोलू नका म्हणून? जबडा बघ, सगळा हललाय. ही बाई फोटो काढताना बोलत होती."

मी पुढे झाले. काचेवर कवटी होती, ठळक, खिडकीत दिसली त्यापेक्षा कितीतरी ठळक. जबडा खरंच हललेला, एकावर एक तीन-चार पुसट जबडे. पण मी जबड्याकडे बघत नव्हते. खिडकीत ती बाजूने बसली होती. हा फोटो समोरून होता. दोन डोळ्यांच्या दोन खोबणी, सरळ माझ्याकडे.

"काय बोलत असेल?" मी विचारलं.

"मला काय माहीत? दुखतंय म्हणत असेल. सगळे तेच म्हणतात." त्यांनी सवयीने कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळी खरडल्या आणि पुढचा फोटो उचलला. बाहेर येऊन मी वाचलं. 'जबड्याची हालचाल. चित्र अस्पष्ट. पुन्हा काढावे.'

दुपारी सुट्टी झाल्यावर मी स्टेशनरीच्या दुकानापुढून तीनदा गेले. चौथ्यांदा आत शिरले आणि कोऱ्या जाड कागदाचे तक्ते घेतले. का, ते मला विचारू नका. ती काहीतरी सांगत होती, कोऱ्या कागदांवर ती पुन्हा उमटली तर ते मला ऐकायचं होतं, एवढंच. इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी बोलायला निघालं नव्हतं.

घरी आले तेव्हा अजून लख्ख उजेड होता. कागद कापायला सगळ्या फ्रेम्स उतरवल्या, पलंगावर पसरल्या, आणि भिंतीकडे वळले. नऊ खिळे. मी सहज मोजले.

दहा होते.

दहावा मधल्या ओळीच्या उजवीकडे होता, मी खुर्चीत बसले की माझं डोकं येतं बरोबर तेवढ्या उंचीवर. बाकीचे मी मारले होते, त्यांच्या माथ्यांवर माझ्या हातोडीचे ठोके होते, कडेला काळ्या रंगाची बोटं लागली होती. याला काहीच लागलेलं नव्हतं. कोरा, चकचकीत खिळा होता. त्याच्या खाली जमिनीवर चुन्याची चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती, आणि मी हात लावला तेव्हा तो अजून गरम होता.