वाट चुकल्याची हाक

गुलामगिरीवरून पेटलेली मोठी लढाई तुम्हाला ठाऊक आहे, पोरांनो. ही तिच्याही आधीची गोष्ट. अठराशे छप्पन सालची, आपल्या कॅन्ससमधल्या ह्याच ओढ्याकाठची. ज्याच्यावर गुदरली तो लेम्युएल क्रॉफ्ट माझा शेजारी. खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी.

नाताळच्या आदल्या रविवारची रात्र होती. लेमची बायको ऑर्फा अडली होती. सुईण आणायला तो कंदील घेऊन निघाला.

पूर्वी आमच्याकडे रात्री कुणी "वाट चुकलोय" अशी हाक दिली, की दार उघडायचंच. माणूस कुठल्याही बाजूचा असो, माळावर दुसरा धर्म नव्हता. पण त्या मे महिन्यात लेम आणि त्याचे गुलामगिरीविरोधी साथीदार हीच हाक देत हार्लन प्रुइटच्या दारी गेले. प्रुइट गुलामगिरीची बाजू तावातावाने मांडायचा. स्वतःकडे गुलाम नव्हता, होती एक लंगडी गाय. बिचारा वाट दाखवायला बाहेर आला... तिथेच तोडला त्याला. मीसुद्धा गुलामगिरीच्या विरुद्धच होतो. पण त्या रात्री एकही गुलाम सुटला नाही, पोरांनो. दारं तेवढी बंद झाली, त्यांची आणि आपलीही.

"बाई, बायको अडलीय हो! दार उघडा!" लेम सुइणीच्या दाराशी ओरडला.

"प्रुइटशीही गोडच बोलला होतात तुम्ही सगळे," म्हातारी आतून म्हणाली. "चालता हो, नाहीतर गोळी घालते!"

पुढच्या घरी कुणी बोललंच नाही. आत बंदुकीचा घोडा तेवढा वाजला.

परतताना प्रुइटच्या घरात दिवा दिसला. त्याची विधवा उन्हाळ्यातच शेजारच्या मिसुरी राज्यात निघून गेली होती. आली असेल परत, लेमला वाटलं. बाईमाणूस आहे, नाही म्हणणार नाही.

त्याने दार ठोठावलं. तोंडातून जुनेच शब्द निघाले.

"वाट चुकलोय..."

आत खुर्ची सरकली. पावलं दाराशी आली. थांबली.

"ह्या वेळी... किती जण आहात?"

प्रुइटचा आवाज.

दिवा विझला. लेम पळत सुटला.

घरी ऑर्फा शेवटचे श्वास मोजत होती. शेजारी नुकतीच जन्मलेली मुलगी, नाळ नीट बांधलेली.

"एक माणूस आला होता," ऑर्फा पुटपुटली. "म्हणाला, तुमचा नवरा वाट चुकलाय... उशीर होईल त्याला."

"आणि तू दार उघडलंस?"

ती पुन्हा कधीच बोलली नाही.

उजाडायला मी पोचलो. मुलगी एका मोठ्या पुरुषी कोटात गुंडाळलेली होती. कोट लेमचा नव्हता. मी हात लावून पाहिला...

कोट गारठलेला होता, ओढ्याच्या पाण्यासारखा. आतली पोर मात्र ऊबदार.