धक्क्यावरची हाक

नवरा गेल्यापासून भुवनेश्वरीनं मुरूम गाव सोडलं नव्हतं. गिरिजा आणि अयोध्या या शाळेपासूनच्या मैत्रिणी मागंच लागल्या, म्हणून ती कोकणातलं ते जुनं बंदर बघायला निघाली. रातभर प्रवास, दिवसभर बंदर, संध्याकाळी परत, असं ठरलं होतं. गाडी गिरिजाचा मुलगा कृष्णराज चालवत होता.

दोघी वाटभर सुना-नातवंडांचंच बोलत राहिल्या. भुवनेश्वरीला ना सून, ना नातू. ती खिडकीतनं बाहेर बघत बसली.

एके काळी या बंदरात गलबतांची दाटी असायची म्हणे. आता पडका बुरूज, खाडीतला गाळ आणि बंद वखारींची रांग तेवढी उरलेली. दुपारी खानावळीत ताटं यायला उशीर होता.

"मी जरा धक्क्यावर जाऊन येते," ती म्हणाली. कुणी ऐकलं की नाही, कळलं नाही.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. ओहोटी लागलेली. सुक्या मासळीचा आणि ओल्या दगडांचा वास येत होता. मधेच वारा पडला, आणि शेवटच्या वखारीतनं हाक आली.

"भुवव्वा... बा इल्ली."

इकडं ये. तिच्या आईच्या कानडीत! त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात आता एकही उरलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, पण त्याआधी डोळे भरून आले.

"व्हय... आले."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गार काळोख. भिंतीकडं तोंड करून एक बाई बसलेली.

"लई एकटं वाटतंय, न्हवं?" बाईनं हळूच विचारलं.

भुवनेश्वरीनं मान डोलावली.

"मग बस जरा इथं... म्या जाऊन येते."

बाई उठली. तिच्याकडं न बघता, अंगाला घासून बाहेर गेली. तिचा पदर ओलाचिंब होता. भुवनेश्वरी त्या जागी मटकन बसली.

उठता आलं तेव्हा खाडीवर सांज उतरली होती. ती धावत खानावळीपाशी आली. गाडी नव्हती. मालक बाकडी पुसता पुसता थबकला.

"काही विसरलात का, ताई? तुम्ही तर मघाशीच गाडीत बसलात."

तिनं गिरिजाला फोन लावला.

"गिरिजे, मला सोडून कुठं गेलात गं?"

पलीकडं गाडीचा आवाज. मग गिरिजा कुणाला तरी म्हणाली, "भुवे, तुझा फोन तिथंच राहिला बघ. कुण्या बाईला सापडलाय... तुझ्यावानीच बोलतीय."

"अगं, मीच भुवी! गिरिजे..."

तेवढ्यात फोनमधनं तिचाच आवाज आला. मोकळा, मायेचा.

"राहू दे की तिच्यापाशी. बिचारीला बोलायला दुसरं कोण हाय?"

मग गाडीत तिघी मिळून खळखळून हसल्या.

फोन बंद झाला.