चौदा नंबरचा दिवा

ही गोष्ट मी रचलेली नाही. मला रचता येत नाही. स्विचच्या नोंदीचा छापील कागद समोर ठेवूनच लिहितोय.

रविवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरची मशीन रूम. आत मी एकटाच.

तिथे सगळे सर्व्हर आणि डेटा साठवणारी स्टोरेज मशीन फायबरच्या वायरींनी एकाच स्विचला, म्हणजे मधल्या जोडणीच्या पेटीला, जोडलेली असतात. पण कोणी कोणाला बघायचं, हे आम्ही ठरवतो. त्याला झोनिंग म्हणतात. झोन असेल तरच सर्व्हरला त्याचं स्टोरेज दिसतं. झोन काढला की दिसत नाही.

दोघं एकाच खोलीत असले तरी.

झोनचा आराखडा माझी बायको करायची. स्विचमध्ये तो लागू करायचो मी. शेजारी बसून ती प्रत्येक मशीनमधल्या फायबरच्या कार्डाचा सोळा अक्षरी नंबर वाचून दाखवायची आणि मग पेन टेबलावर आपटायची. दोनदा... मग थांबून एकदा.

म्हणजे, परत बघा... आता दाबा.

तिचा नियम एकच. एका झोनमध्ये दोघंच. एक सर्व्हर, एक स्टोरेज.

"तिसरा आला की भांडण," ती म्हणायची. "तुमची बहीण महिनाभर राहायला आली होती, आठवतंय ना?"

"आणि एकटाच उरला तर?"

"तर झोन पुसायचा. उगाच कोणाची वाट बघत कशाला ठेवायचा?"

तिला जाऊन आठ महिने झाले होते.

तिचा चाचणीचा सर्व्हर भंगारात गेला. त्यातलं फायबरचं कार्ड मी मागून घेतलं आणि घरी आणून तिच्या कपाटात, तिच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. तेव्हापासून संध्याकाळी कपाटातून बारीक टकटक ऐकू यायची. लाकूड वाजत असेल म्हणून मी कधी उघडून बघितलं नाही.

खरं सांगायचं तर... घरात तेवढाच आवाज होता.

त्या सर्व्हरचा झोन मात्र मी काढला नव्हता. ऑफिसात तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. वयाने माझ्याहून लहान आहेत, मला दादा म्हणतात.

"दादा, तो मेलेला झोन अजून तसाच आहे." मग स्वतःच चपापले. "म्हणजे... जुना. मंगळवारी तपासणी आहे हो. मला बोलणी खायला लावू नका."

"रविवारी काढतो," मी म्हणालो.

झोन काढण्याआधी त्यात कोणी जोडलेलं नाही ना, हे बघायचं. तिनेच लावलेली सवय. मी यादी उघडली.

स्टोरेज... हजर.

तिचं कार्ड... हजर. पोर्ट चौदा.

तो नंबर मला पाठ आहे. तरी तीनदा ताडून पाहिला.

उठून रॅकमागे गेलो. स्विचवरच्या चौदा नंबरच्या खाचेत वायर नव्हती. धूळ जाऊ नये म्हणून मीच लावलेलं रबरी बूच जागच्या जागी होतं.

त्याच्या वर हिरवा दिवा लुकलुकत होता.

दोनदा... मग थांबून एकदा.

मी तिथेच फरशीवर बसलो. पंख्यांच्या घरघरीत तिला हाक मारली. मोठ्याने हाक मारून बरेच महिने झाले होते. आवाज माझा वाटला नाही.

दिवा लुकलुकतच राहिला.

फोन वाजला. साहेब.

"झालं का दादा?"

"होतंय."

परत खुर्चीत येऊन झोन पुसला. स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला. बदल लागू करायचा? हो की नाही?

वायर नसताना दिवा लागतो म्हणजे बिघाड आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सत्तावीस वर्षं हेच केलंय. बिघाड दिसला की काढायचा.

मी हो दाबलं.

मागे जाऊन बघितलं. दिवा विझला होता.

संध्याकाळी घरी कपाटातून आवाज आला नाही.

बराच वेळ थांबलो. मग कपाट उघडलं. डबी उघडली.

कार्ड... गरम होतं.

चालू मशीनमधून आत्ताच उपसल्यासारखं. मी ते दोन्ही हातांत धरून बसलो. हळूहळू गार होत गेलं. मी हात काढला नाही.

मंगळवारी तपासणी झाली. बुधवारी कोणाला न विचारता मी तो झोन परत लिहिला. दोन्ही नंबर मोठ्याने वाचले. पेन टेबलावर आपटलं. दोनदा, मग एकदा.

पोर्ट चौदा... काही नाही.

कपाटातूनही... काही नाही.

भुताची भीती मला वाटत नाही. ती याच घरात असेल, समोरच्या खुर्चीत बसली असेल, आणि दिसायची वाट मीच बंद केली असेल... हे डोक्यातून जात नाही.

दर रविवारी यादी उघडतो. त्या झोनमध्ये एकटं स्टोरेज हजर असतं. तिच्या नियमाप्रमाणे तो पुसायला हवा.

मी पुसलेला नाही.