साच्यात राहिलेल्या तीन ओळी

सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालूनही तिचे दात वाजायचे. पुढून गार वारा, मशिनांची अखंड घरघर, आणि बोटं अशी गारठायची की पासवर्ड तीनदा चुकायचा. मग ती एक चोरटा उपाय करायची. कपाटांच्या मागच्या अरुंद गल्लीत मशिनांची गरम हवा बाहेर पडते, तिथे जाऊन दोन मिनिटं हात शेकायची. त्या दिवशी डोळे मिटून अशीच उभी होती. डोळे उघडले, तर समोर एकजण तसेच हात पसरून उभा!

"चालू द्या," तो म्हणाला. "मीपण त्यासाठीच आलोय. केबल तपासणं हे आपलं निमित्त."

"ही माझी जागा आहे," ती उगाचच म्हणाली.

"नाव लिहिलंय का कुठे?"

तिला हसू आवरेना. तो नेटवर्क विभागात नवीनच आला होता. डोळे मिस्कील, खिशात कायम पक्कड.

"आणि तुम्ही काय करता इथे? हात शेकण्याव्यतिरिक्त?"

"साचे बनवते. नमुन्याचं एक मशीन मनासारखं तयार करायचं. मग त्याचं स्वतःचं नाव, जुन्या नोंदी, सगळं पुसायचं आणि ते सीलबंद करायचं. त्या साच्यातून हुबेहूब तसेच, हवे तेवढे सर्व्हर क्लोन होतात."

"आणि पुसायचं राहिलं तर?"

"तर एकाची खोड सगळ्यांना लागते."

"बाप रे! म्हणजे तुम्ही साचेबाई."

"आणि तुम्ही वायरमन."

ही दोन नावं त्या गल्लीतच जन्मली आणि दोघांनी ती गल्लीबाहेर कधी नेली नाहीत. चारचौघांत ती 'मॅडम' आणि तो 'सर'. गल्लीत मात्र 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. रोज साडेअकराला तिची बोटं गारठू लागली. खरं सांगायचं तर ती तितकी गारठत नव्हती.

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटणार!

"कोण गं हा? फोन वाजला की गालातल्या गालात हसतेस."

"कोणी नाही, वहिनी."

"या 'कोणी नाही'चे मेसेज फार येतात हो तुला!"

तिने उशी फेकून मारली. पण खरं सांगितलं नाही. ऑफिसात टीम लीडची जागा रिकामी होती, तिचं नाव पुढे होतं, आणि आपल्याबद्दल कोणी कुजबुजलेलं तिला नको होतं. एकदा खुर्ची मिळू दे, मग सांगू सगळ्यांना... असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला मात्र हे कधी सांगितलं नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. एका मोठ्या ग्राहकाला एकशे चाळीस सर्व्हर द्यायचे होते. नमुन्याच्या मशीनवर त्याने सकाळी नेटवर्कची जुळणी केली आणि जाता जाता म्हणाला, "सील करण्याआधी एकदा नीट उघडून बघ हं. आणि चार वाजता... तळ्यावर येशील?"

येशील का म्हणे! पावणेचार झाले तरी काम संपेना. शेवटी एकदा मशीन उघडून बघायचं, पुसायचं आणि मगच सील करायचं, हा तिचा नियम. आजवर तो तिने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी घड्याळाकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला, आणि न उघडताच साचा सील करून ती पळाली.

तळ्यावर वारा सुटला होता. तो सारखा तिच्याकडे बघत होता.

"काही सांगायचंय तुला?"

"कशाबद्दल?"

"असंच... मशीन उघडून बघितलंस ना?"

"हो रे बाबा, बघितलं!" ती खोटंच बोलली. कामचुकार कोण म्हणवून घेईल?

त्याने एक खडा उचलून तळ्यात टाकला. "घाई नाही," इतकंच म्हणाला. तिला वाटलं, तळ्यावरून निघायची घाई नाही म्हणतोय.

सोमवारी ग्राहकाच्या माणसांनी सर्व्हर उघडले. प्रत्येक सर्व्हरवर पहिल्यांदा तीन ओळी उमटल्या. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि चष्मा लावून ग्राहकाच्या तक्रारीचा कागद वाचला.

"साचेबाई, तोंडावर विचारायचं धाडस नाही. माझ्याशी लग्न करशील? उत्तर इथेच लिही, मी बघेन."

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. तळ्यावरचं ते 'घाई नाही' तिला आत्ता कुठे समजलं.

"साचे तुम्ही बनवता, मॅडम," साहेब म्हणाले. "ही साचेबाई म्हणजे तुम्हीच ना?"

बारा डोकी तिच्याकडे वळली. कोणीतरी खुदकन हसलं. 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर खुर्ची गेली असती, महिनाभर चेष्टा झाली असती. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मला असं कोणी म्हणत नाही, सर."

तिने वर बघितलंच नाही. त्याचा आवाज मात्र ऐकू आला, अगदी शांत.

"बरोबर आहे, साहेब. मॅडमना तसं कोणी म्हणत नाही. मी चेष्टेत लिहिलं होतं, पुसायचं माझ्याकडूनच राहिलं. मॅडमची काही चूक नाही."

एकशे चाळीस सर्व्हरवरच्या त्या ओळी तिनेच एका आज्ञेत पुसल्या. साडेअकराला गल्लीत गेली, तर तो केबल गुंडाळत होता.

"ऐक ना... मी घाबरले रे."

"तुम्ही कशाला घाबरता, मॅडम?" तो म्हणाला. "जागा तुमचीच आहे. शेका हात."

महिन्याभरात तो दुसऱ्या शहरातल्या शाखेत गेला. तिला खुर्ची मिळाली. तिचे चार मेसेज गेले, उत्तर एकाचंही आलं नाही. वर्षभराने जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी सहज सांगितलं, वायरिंगवाल्या त्या सरांचं लग्न झालं म्हणे. ती डबा तसाच झाकून उठली. घरी वहिनीने विचारलं, "काय झालं गं?" आणि ती म्हणाली, "काही नाही, वहिनी." या वेळी वहिनीने चेष्टा केली नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी पडून राहिलेले जुने सर्व्हर काढून टाकायला सांगितलं. यादीत तळाशी एक क्लोन निघाला, त्या शुक्रवारचा. चाचणीसाठी बनवलेला, कधी सुरूच न केलेला, म्हणून तिच्या पुसण्यातून सुटलेला. पुसण्याआधी प्रत्येक मशीन उघडून बघायचंच, हा नियम आता तिनेच सगळ्यांना घालून दिला होता. तिने तो सुरू केला.

काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटल्या. साहेबांच्या आवाजात नाही, हसणाऱ्या बारा डोक्यांसमोर नाही. जशा तिने एकटीने वाचाव्यात म्हणून त्याने लिहिल्या होत्या, अगदी तशाच. खाली उत्तरासाठी कर्सर लुकलुकत होता.

तिने डोळे पुसले आणि गारठलेल्या बोटांनी लिहिलं, 'हो'.

'अशी आज्ञा सापडली नाही,' मशीनने उत्तर दिलं.

तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग तिने तो सर्व्हर बंद केला आणि काढून टाकण्याचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: 'हे मशीन कायमचं पुसायचं का?'

"हो," ती म्हणाली आणि बटण दाबलं. या वेळी ते मशीनला लगेच कळलं.