राखण्याचा माथा

धर्मा तांडेल त्या दिवशी डोंगरात गेला तो काही भुताखेताच्या शोधात नव्हे. एक झाड तोडू नका, एवढंच तो ठेकेदाराच्या माणसांना सांगायला निघाला होता. तेही ते झाड असलं तर.

काशीदच्या मागचा डोंगर किनाऱ्यावरच्या कोळ्यांना दारच्या तुळशीइतका ओळखीचा, पण ती ओळख सगळी समुद्रातून. होडीतून बघावं तर डावीकडे बैलाच्या पाठीसारखा लांब माथा, मधे खिंड, उजवीकडे उभट माथा आणि त्याच्या अगदी कडेवर एकटाच उभा असलेला माणूस. त्याला राखण्या म्हणत. देवळाच्या कळसामागे राखण्या आला की त्या रेषेत होडी आत घ्यायची. रेष चुकली तर पाण्याखालचे खडक होडीची फळी न् फळी वेगळी करतात. राखण्या म्हणजे झाड की दगड, यावर म्हातारे भांडत आणि ताडी संपली की भांडण मिटे. वर जाऊन कुणीच बघितलं नव्हतं, कारण ज्या माथ्याची खूण धरायची त्यावर पाय ठेवायचा नाही, अशी रीत. शिवाय नवाबाच्या काळात तो सगळा डोंगर शिकारीसाठी राखलेला. वाळकी काटकी उचलली तरी पाठ सोलून निघे. नवाबी गेली आणि लाकडाचे ठेकेदार आले. जागोजाग कोळशाच्या भट्ट्या धुमसायला लागल्या आणि डोंगराला कुणी वाली उरला नाही.

त्या आठवड्यात माथ्यावर ढग बसून होता. त्यातच वरच्या कडेची झाडं पाडायला घेतल्याची बातमी आली. राखण्या झाडच असला तर तोही पडणार होता. धाकटा भाऊ भिकू पहिल्यांदाच स्वतः तांडेल होऊन होडी घेऊन गेला होता आणि त्याच संध्याकाळी परतणार होता.

"रीत मोडताव तुमी," बायको गोदू म्हणाली.

"रीत होडीसाठीच हाय ना? मंग होडीसाठीच मोडतो." धर्माने रुमाल डोक्याला गुंडाळला आणि तो निघाला. सुकाणू धरून धरून त्याचा डावा खांदा कायमचा खाली आला होता. लांबून चालीवरूनच माणूस ओळखू येई.

वाट दाखवायला भट्टीवरचा सदू कातकरी मिळाला. चढायची वाट डोंगराच्या मागच्या अंगाने होती.

"कनचा माथा, तांडेल?"

"उजवा," धर्माने ठासून सांगितलं.

घोडचूक झाली ती इथेच. जन्मभर समुद्रातून बघितलेला डोंगर पाठीमागून चढताना उजव्याचा डावा होतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. दुपार कलल्यावर दोघं धापा टाकत वर पोचले, समोर समुद्र दिसला, आणि आपण बैलाच्या पाठीवर उभे आहोत हे धर्माला कळलं. त्याने स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. मग खिंड उतरून पलीकडचा माथा चढणं आलं. दिवस भराभर खाली जात होता.

अर्ध्या चढावर ताजी खुंटं संपली. तिथेच सदू थांबला.

"आमी हितवरच तोडलं. म्होरं जात न्हाय."

"का रं?"

"तितं मानूस असतो..."

"कोन मानूस?"

सदूने खाली बघितलं. "पाठमोराच दिसतो."

धर्मा एकटाच वर गेला. ढग विरत होता. कडेवर उघडा कातळ पसरलेला. झाड नव्हतं, खुंट नव्हतं, उभा दगडही नव्हता. होते ते फक्त कातळात झिजलेले दोन खळगे, शेजारी शेजारी, माणसाच्या पावलांएवढे, बोटं समुद्राकडे. सगळा कातळ ओला आणि ते दोन खळगे तेवढे कोरडे. त्याने वाकून हात लावला. ऊब होती. आणि समुद्रापासून इतक्या उंचावर ओल्या दोराचा, सुक्या बोंबलाचा वास येत होता.

खाली पाण्यावर एक शीड दिसलं. तपकिरी ठिगळाचं, भिकूचं. ते एकदा इकडे वळे, एकदा तिकडे, आणि दर वळणाला खडकांकडे सरकत होतं. पोराला खूण सापडत नाही, हे धर्माला कळलं. ओरडून काय उपयोग? त्याने खळग्यांत पाय ठेवले. ते बरोब्बर बसले. तो ताठ उभा राहिला.

शीड थबकलं. मग होडीचं नाक वळलं आणि ती सरळ रेषेत आत यायला लागली.

धर्माच्या पाठीमागे कुणीतरी लांब श्वास सोडला. गुडघे कडकडले.

"बरा झाला आलास..." आवाज थकलेला, कोळ्याचाच. "जरा बसतो."

"कोन?" धर्मा कुजबुजला. मागे वळायची सोय नव्हती. तो हलला असता तर होडी गेली असती.

"लई दिस बसलो न्हाय रं... बसू दे."

होडी खडकांच्या आत आली तेव्हा धर्माने पाय उचलले. चिखलातून काढावेत तसे ते निघाले. तो जीव घेऊन खाली पळाला. सदूने त्याचा हात धरून उतरवला, पण वाटभर त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

घरी भिकू कालवणभात ओरपत होता. "दादा, आज मेलोच व्हतो. ढग गेला तरी राखण्या दिसंना. मंग एकाएकी उभा! आनि त्याच्या पायाशी कोनतरी बसलंवतं."

गोदूचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"झुडूप असंल," धर्मा म्हणाला. गोदूने त्याचे पाय कढत पाण्यात ठेवले, शेक दिला, तेल चोळलं. ते कातळासारखे गार ते गारच राहिले.

पुढच्या खेपेला भिकूने त्याला आग्रहाने होडीत घेतलं. परतताना आभाळ स्वच्छ होतं. धर्मा पाण्याकडेच बघत बसला होता.

"ह्या टायमाला झ्याक दिसतोय राखण्या," भिकू सुकाणूवरून हसत म्हणाला. "दादा, बघ तरी. तुझ्यागतच डावा खांदा पडलाय त्याचा."

धर्माने मान वर केली. राखण्या उभा होता, डावा खांदा पाडून. त्याच्या पायाशी बसलेला अजून उठला नव्हता.