पाच खिळे आणि एक रुपया

"थांबा. वाजलं," सुशीलकाका म्हणाले आणि गुडघे टेकून खुरप्याने माती उकरू लागले.

*खड्डा १. सापडलं : बाटलीचं झाकण. गंजलेलं.*

हे ईशाच्या वहीतलं. ईशा आठ वर्षांची आहे आणि वहीत खोटं लिहीत नाही.

टाकानिनी उपनगरातला हा प्लॉट सिद्धीच्या आईबाबांचा. तीन आठवड्यांपूर्वी, सुट्टी लागल्या लागल्या, इथे भूमिपूजन झालं तेव्हा गुडघाभर गवत होतं. आता गवत नव्हतं. डिगर यंत्राने वरची माती खरवडून मागच्या कुंपणाशी ढीग लावला होता, बसएवढा उंच आणि बसएवढा लांब.

नील आणि ईशाचे बाबा म्हणजे सुशीलकाका. त्यांनी हेन्डरसनमधल्या कुणाकडून तरी जुना मेटल डिटेक्टर आणला होता. टाकानिनीत जुनी नाणी शोधू या, असं सिद्धीने सुचवल्यावर ते जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच गाडीत बसले.

"नीट ऐका. चांदी, तांबं असलं की टिंग. लोखंड असलं की घर्र. घर्र म्हणजे खिळे, पत्रे, कचरा. म्हणून हा नॉब असा पूर्ण वर फिरवायचा. आता कचरा ऐकूच येत नाही. डोकं शांत."

"मग झाकण कसं वाजलं? ते पण लोखंडच ना?" नीलने विचारलं.

"ते चावट होतं."

*खड्डा २. कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी.*

*खड्डा ३. तसलीच. बाबा म्हणाले लिहू नकोस. लिहिलं.*

*खड्डा ४. पाच सेंट. बाबा म्हणाले, हे आता दुकानात घेत नाहीत, म्हणजे अँटिक. त्यावर १९९५ आहे. नीलदादा पण १९९५ चा आहे.*

"मग मला पण म्युझियममध्ये ठेवा," नील म्हणाला.

सगळे हसले. सिद्धी हसली नाही.

कारण

(हे तिने आदल्या दिवशी फक्त नील आणि ईशाला सांगितलं होतं, गॅरेजच्या मागे.)

कारण पुण्याहून आलेल्या गुरुनाथ आजोबांनी पहिल्याच दिवशी तिच्या तळहातावर एक चांदीचा रुपया ठेवला होता. १९१७ सालचा, मुकुटवाल्या राजाचा. तो आजीचा. आजी दर दिवाळीला तो चिंचेने घासायची. आजी गेल्यापासून तो आजोबांच्या खिशात असायचा. "माझ्या खिशातून पडेल कुठे तरी. तुझ्याकडे ठेव. जाताना घेईन."

सिद्धीने तो डबीत ठेवला. त्याच डबीत पूजेसाठी आणलेलं लक्ष्मीचं नवं नाणं होतं. भूमिपूजनाला गुरुजींनी न बघता हात पुढे केला, "चांदीचं नाणं?" सिद्धीने डबी उघडली, हाताला लागलं ते दिलं. गुरुजींनी ते लाल फडक्यात बांधून ईशान्य कोपऱ्यात पुरलं.

रात्री डबीत लक्ष्मी उरली होती.

आज रविवार. उद्या सकाळी आठला ट्रक येऊन मातीचा ढीग नेणार. परवा मंगळवारी आजोबांचं विमान.

ईशान्य कोपऱ्यात काही वाजलं नाही. उभं, आडवं, पुन्हा उभं. काही नाही. मग नील खाली बसला आणि त्याने जमीन हाताने चाचपली.

"सिद्धी, इथे वरची माती नाहीचे. डिगरने काढली. सो..."

तिघांनी वळून ढिगाकडे बघितलं.

"काका, डिटेक्टरला किती खोलचं ऐकू येतं?" सिद्धीने विचारलं.

"वीतभर. नशीब असेल तर दीड वीत."

सिद्धी ढिगावर चढली. माती पायाखालून घसरत होती. पुरता ढीग धुंडाळला तरी वरची वीतभर सालच ऐकू आली असती. ती तशीच वर उभी राहिली. खाली तिचे बाबा फोनवर बोलत होते.

"बाबा, उद्याचा ट्रक पुढे ढकलता येईल?"

"एकदा गेला की पंधरा दिवस मिळत नाही तो. का? काय शोधताय तुम्ही?"

सावलीत खुर्ची टाकून आजोबा थर्मासमधला चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली.

"काही नाही," सिद्धी म्हणाली.

संध्याकाळी हिल्सबरोला, नीलच्या घरामागच्या हिरवळीवर.

सिद्धीने लक्ष्मीचं नाणं गवतात ठेवलं. नीलने वरून डिटेक्टर फिरवला.

टिंग.

"काम करतोय. स्वीट ॲज, एकदम मस्त," नील म्हणाला.

"काही स्वीट नाही. एवढ्या ढिगात एक टिंग," सिद्धी म्हणाली आणि पायरीवर बसली.

ईशा वही चाळत होती. "सिद्धीताई, पण फडक्यात नाणं एकटं नव्हतं. सुपारी होती, हळकुंड होतं. आणि खिळे. पाच. ते मीच धरले होते, माझ्या हाताला गंज लागला होता."

नील गॅरेजमधून पाच खिळे घेऊन आला. ते नाण्याभोवती ठेवले. डिटेक्टर फिरवला.

आवाज नाही.

पुन्हा फिरवला. आवाज नाही. गवतात चांदी चकाकत होती, डोळ्यांना दिसत होती, आणि यंत्र गप्प.

"बाबांचा नॉब," नील सावकाश म्हणाला. "तो लोखंड ऐकू देत नाही. आणि लोखंडाच्या शेजारचं पण नाही."

"म्हणजे आपण त्याच्यावरून गेलो असलो तरी..."

"तरी कळलं नसतं."

नीलने नॉब शून्यावर आणला.

घर्र.

"कचऱ्यासारखंच की," सिद्धी म्हणाली. तिने डिटेक्टर घेतला, नाण्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि आडवा फिरवला.

घर्र-टिंग-घर्र.

उभा फिरवला. घर्र. आडवा. घर्र-टिंग-घर्र.

ईशाने लिहिलं : *आपल्याला चांगला आवाज नको आहे. आपल्याला वाईट आवाज हवा आहे, ज्याच्या पोटात चांगला आहे.*

सोमवार, सकाळी पावणेसात.

डिगर चालवणारा विरेमू केबिनमध्ये सँडविच खात होता. सिद्धीने त्याला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं.

"किआ ओरा, ठीक आहे," सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला. "ट्रक आठला येतो. तो मी थांबवू शकत नाही. पण तोवर माती पातळ पसरून देऊ शकतो. तुम्ही त्या कोपऱ्यातली म्हणता ना? ती शेवटी खरवडली. ढिगाच्या या टोकाला असेल."

तो एकेक बकेट ओतून चादरीसारखी पसरायचा, मग इंजिन बंद करायचा. नील उभा चालायचा. मग सिद्धी आडवी.

घर्र. घर्र. घर्र.

एक तार. उभं-आडवं सारखंच, घर्र.

टिंग. टिंग. सिद्धीने माती उकरली. डब्याची कडी.

घर्र.

सव्वासात. साडेसात. सुशीलकाका गाडीला टेकून म्हणाले, "अरे, नॉब वर करा. कान किटतील."

"बाबा, प्लीज," नील म्हणाला.

आठला दहा कमी. ट्रक कोपऱ्यावर वळताना दिसला.

घर्र.

घर्र-टि—

"पुन्हा," नील म्हणाला.

सिद्धीने पुन्हा आडवा फिरवला. घर्र-टिंग-घर्र. नीलने उभा. घर्र.

ईशानेच हात घातला. चिखलातून लाल चिंधी आली, गंजाने तपकिरी झालेली. त्यात पाचांपैकी चार खिळे, कुजलेली सुपारी आणि मुकुटवाला राजा. त्याच्या गालावर डिगरच्या दाताचा लांब ओरखडा.

बाबांबरोबर आजोबाही फाटकाशी पोचले होते. सिद्धी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. डबीपासून.

आजोबांनी रुपया घेतला, वाकून फुटपाथच्या कडेवर आपटला. खण्ण. तो नाद विरेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.

"गुरुजींच्या हातात गेला तेव्हाच दिसला होता मला," ते म्हणाले. "चष्मा आहे, आंधळा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"देवाच्या नावाने जमिनीत ठेवलेलं परत मागायचं नसतं. म्हटलं, तुझ्या घराखाली राहील तुझी आजी. पण तो टाकाऊ मातीबरोबर निघून चालला होता, हे आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्हा तिघांच्या आलं. शाबास. कान तयार आहेत तुमचे." मग सुशीलकाकांकडे वळून, "सुशील, तू शिकवणी लाव यांच्याकडे."

सिद्धीला वाटलं, आता ते रुपया खिशात घालतील.

ते ईशान्य कोपऱ्यात गेले. विरेमूने तिथे हातभर खड्डा केला. आजोबांनी रुपया, चार खिळे, चिंधी, सगळं परत खाली ठेवलं. विरेमूने टोपी काढली, मग वर खडी लोटली. मागे ट्रक भरू लागला होता.

मंगळवारी आजोबा गेले. जाताना त्यांनी काही मागितलं नाही.

शुक्रवारी काँक्रीट ओतायच्या आधी मुलं पुन्हा आली. खडीवर काळं प्लास्टिक आणि त्यावर लोखंडी जाळी अंथरली होती. सिद्धीने कोपऱ्यात डिटेक्टर धरला. उभा फिरवला, आडवा फिरवला.

घर्र. नुसतं घर्र.

"काय लिहू?" ईशाने विचारलं.

सिद्धीने तिच्याकडून पेन घेतलं.

*शेवटचा खड्डा. सापडलं : ऐकू येत नाही. आहे.*